वैरण कोण घालतं? मूल आणि जनावर यांवरच्या जुन्या सिनेमांच्या प्रकल्प नोंदी

३ मे, सांगली

कामाला आजपासून सुरुवात. आटपाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जूनपासून शनिवारी सकाळी जुने सिनेमे दाखवायचे. विषय एकच: मूल आणि जनावर. शाळेच्या बाई ओळखीच्या आहेत. फोनवर त्यांनी दोन अटी घातल्या. "सर, कार्टून नको, ते मोबाइलवर बघतातच. आणि पोरांना रडवायचं नाही. जनावराचा सिनेमा म्हटलं की शेवटी जनावर मारायचं आणि पोरं रडली की आपण खूश, असलं काही नको."

दोन्ही मान्य. माझ्या अटी अशा: सिनेमा १९८०च्या आधीचा हवा. जनावर खरं हवं. बोलणारं, टाळ्या वाजवणारं, गुंडांना धडा शिकवणारं नको. आणि मुलाचं प्रेम त्याच्या कामातून दिसायला हवं. गळ्यात पडून रडणारं पोर कुठल्याही सिनेमात मिळतं. शेण काढणारं, पाणी दाखवणारं पोर शोधावं लागतं.

'हाथी मेरे साथी' (१९७१) पहिल्या फटक्यात बाद. चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तो सगळ्यांनी बघितलाय, गाणी पाठ आहेत. आपल्याला मागे पडलेले हवेत.

९ मे

दिवसभर यादी. आपल्याकडच्या बालचित्रपटांचं दुखणं यादी करतानाच कळतं. बालचित्र समिती १९५५ साली स्थापन झाली. तिचा पहिला सिनेमा केदार शर्मांचा 'जलदीप' (१९५६), व्हेनिसला गौरवला गेला. आपल्या राम गबालेंच्या 'फूल और कलियाँ'ला १९६०चा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. तपन सिन्हांच्या 'सफेद हाथी'ला १९७७चा. पदकं भरपूर, पण आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या पोरांनी यातलं काय पाहिलं? बालचित्रपट म्हटला की वितरक हात आखडता घेतो आणि मोठी माणसं 'मुलांचं आहे' म्हणून बाजूला ठेवतात. मुलं काही तिकीट काढायला एकटी जात नाहीत. मग सिनेमा डब्यात. ती समिती २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

मराठीत तर आईवरचे सिनेमे मोजता येणार नाहीत इतके. बैल मात्र गाण्याच्या कडव्यापुरता येतो आणि नांगर ओढत फ्रेमच्या बाहेर जातो. बाईंनी 'बनगरवाडी' सुचवला. लेखक याच तालुक्यातल्या माडगूळचे, कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. माझ्या कालमर्यादेत बसत नाही. शिवाय त्यात मध्यभागी मास्तर आहे. बाईंचं म्हणणं, म्हणूनच तर सुचवला. तो शिक्षकांसाठी वेगळा ठेवू.

बाहेरचे जरा चाळले. 'एलिफंट बॉय' (१९३७) मोहात पाडतो, कारण त्यातला साबू म्हणजे म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा पोरगा, आणि तो हत्तीवर असा बसतो की शिकवून तसं बसता येणार नाही. पण त्या सिनेमात रानटी हत्ती धरण्याचं कौतुक आहे. आठ-दहा वर्षांच्या पोरांना आधी ते कौतुक दाखवायचं आणि मग समजावत बसायचं, हा उलटा उद्योग. बाजूला ठेवला. 'नेव्हर टेक नो फॉर अ‍ॅन आन्सर' (१९५१) मला फार आवडतो: असिसी गावातला पोरका पेपिनो आजारी गाढवीण घेऊन संत फ्रान्सिसच्या समाधीपाशी जायचं म्हणतो, चर्चवाले अडवतात, तर पोरगं थेट पोपकडे निघतं. आपल्याकडे गाढवावर कुणी सिनेमा काढेल का? दाखवण्याजोगी चांगली प्रत हाती नाही, म्हणून यंदा नाही.

२२ मे

परवानग्यांचं बघितलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे 'हीरा मोती' (१९५९) २०१९ संपताना मोकळा झाला. त्यानंतरच्या सिनेमांसाठी कायद्यात शाळांना सवलत आहे: शाळेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, मात्र बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंध असलेलेच हवेत. बाईंना सांगितलं, गावाला दवंडी नको. त्या हसल्या. "अहो, गावात पालक नसलेलं कोण सापडणार?"

१६ जून, शाळा

शाळा आजच सुरू झाली. पाचवीपर्यंत वर्ग, दोन खोल्या, मोठीला पूर्वेकडे खिडक्या. सकाळी आठला ऊन थेट पडद्याच्या भिंतीवर. डाळिंबवाल्या पालकांनी शेडनेट आणून दिलं, त्याचे तीन पदर खिडक्यांना लावले तरी उजेड येतोच. शेवटी ताडपत्री. मग आत उकाडा, म्हणून दार उघडं ठेवायचं आणि पडदा दाराच्याच भिंतीवर घ्यायचा, म्हणजे उजेड पोरांच्या तोंडावर आला तरी पडद्यावर येत नाही. प्रोजेक्टर आमच्या मंडळाचा जुनाच. लाइटीचा भरवसा नाही, इन्व्हर्टर एका पालकांचा.

भाषेचं असं ठरवलं: खालच्या ओळी वाचायला या मुलांना वेळ पुरणार नाही. मी पडद्याशेजारी उभा राहून मोजकं मराठीत सांगेन. जिथे चित्र बोलतं तिथे गप्प.

२८ जून

पहिला खेळ. सुरुवातीला अब्बास किआरोस्तमीचा 'ब्रेड अँड अ‍ॅली' (१९७०), जेमतेम दहा मिनिटांचा. मुलांसाठी काम करणाऱ्या 'कानून' या इराणी संस्थेत केलेला त्याचा पहिला सिनेमा. पोरगा पाव घेऊन घरी निघालाय, बोळात कुत्रं भुंकतं, पुढे जायची छाती होत नाही. एका म्हाताऱ्याच्या मागे मागे जाऊन बघतो, म्हातारा मध्येच वळतो. शेवटी पावाचा तुकडा मोडून टाकतो. कुत्रं शेपूट हलवत त्याच्या दारापर्यंत येतं. दार बंद होतं. कुत्रं तिथेच बसतं आणि पुढच्या पोरावर भुंकतं.

एक शब्द सांगावा लागला नाही. कुत्रं भुंकलं तशी पुढच्या रांगेतली दोघं-तिघं मागे सरकली. संपल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "तुकडा टाकला की कुत्रं गप बसतंय. पण मग रोज टाकावा लागतोय." किआरोस्तमीवर मी जे काही वाचलंय त्यात एवढं सरळ कुणी लिहिलेलं नाही.

नंतर 'क्रँ-ब्लाँ' (१९५३), अल्बेर लामोरिसचा. चाळीस मिनिटं, कृष्णधवल, बोलणं जवळजवळ नाही. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्गच्या दलदलीत पांढऱ्या रानटी घोड्यांचा कळप, त्यांचा म्होरक्या क्रँ-ब्लाँ, त्याला धरायला टपलेले घोडेवाले आणि फोल्को नावाचा कोळ्याचा पोरगा. लामोरिसचा 'रेड बलून' जगभर पोचला, त्याला ऑस्करही मिळालं. हा मात्र त्याच्या सावलीत राहिला. मला हाच सरस वाटतो.

मधल्या एका प्रसंगात फोल्को घोड्याच्या गळ्यातला दोर धरतो, घोडा उधळतो आणि पोराला चिखलातून, पाण्यातून फरफटत नेतो. पोरगा दोर सोडत नाही. मोठी माणसं इथे जिद्द वगैरे बघतात. आमच्या खोलीत निराळंच झालं. पाचवीतला एक मुलगा, घरी खिलार जोडी असलेला, उठून उभाच राहिला: "सर, दोर हाताला गुंडाळलाय का बघा! गुंडाळला आसंल तर हात जाईल!" मी सिनेमा थांबवला, मागे नेला. सगळे पडद्यापाशी. हात नीट दिसतो तिथे चर्चा. कासरा मुठीत धरायचा, मनगटाला पीळ द्यायचा नाही, हे इथल्या प्रत्येक पोराला चालायला लागल्यापासून माहीत. एकानं स्वतःच्या दप्तराच्या पट्ट्यानं करून दाखवलं. मग निकाल: पोरगा हुशार आहे, पण घरच्यांनी त्याला शिकवायला पाहिजे होतं.

शेवटी घोडा आणि पोरगा समुद्रात शिरतात आणि निवेदक सांगतो की ते अशा देशी गेले जिथे घोडे आणि माणसं मित्र असतात. मी तसंच सांगितलं. कुणाला पटलं नाही. "बुडाले," असं दोघांनी जाहीर केलं. "घोडं पोहतंय," तिसरा. बैल येरळेच्या पुरातून कसा पार झाला याची एक गोष्ट निघाली, तिच्यात आजोबा होते, बैलाचं नाव होतं, शेपूट धरणं होतं. सुटीची घंटा झाली तरी संपेना.

५ जुलै

बेंदूर चार दिवसांवर. मुलांच्या बोटांना माती. वर्गाच्या कट्ट्यावर चिखलाचे बैल वाळत घातलेले, एकाचं वशिंड फार मोठं झालं म्हणून त्याचा मालक नाराज. 'हीरा मोती' आजच लावायचा हे बाईंनी ठरवलेलं.

कृष्ण चोप्रांचा हा सिनेमा, बलराज साहनी आणि निरुपा रॉय, संगीत रोशन यांचं. मूळ कथा प्रेमचंदांची, 'दो बैलों की कथा'. सिनेमा पूर्ण लांबीचा, त्यात मोठ्यांची भानगड बरीच. म्हणून बाईंनी आधी कथा मराठीत सांगितली आणि मग मी निवडक भाग दाखवले. कथा इथल्या पोरांना सांगावीच लागत नाही खरं तर, नुसती आठवण करून द्यायची: धन्याच्या मेहुण्याकडे पाठवलेले दोन बैल दावं तोडून घरी येतात, पुन्हा पाठवले जातात, तिथे मार आणि सुका चारा. त्या घरातली एक सावत्रपणाचा जाच सोसणारी पोर रात्री गुपचूप दोघांना एकेक पोळी भरवते आणि एका रात्री दावी सोडून देते.

इथे बाई थांबल्या आणि विचारलं, तुम्ही सोडलं असतं का? मला वाटलं एका सुरात 'हो' येईल. नाही आलं. "घरात मार पडंल." "पर बैल त्यांचा न्हाईच, पाव्हण्याचा हाय." "सोडायच्या आधी पाणी पाजलं पाहिजे, लांब जायचंय." ही शेवटची सूचना सगळ्यांना पटली.

पुढे कोंडवाडा. भुकेले बैल मटाराच्या शेतात धरले जातात, कोंडवाड्यात घातले जातात, भिंत फोडून बाकीची जनावरं सोडवतात. शेळ्या, म्हशी पळतात आणि गाढवं कोपऱ्यात उभीच राहतात. गाढवांना हशा. गावातला कोंडवाडा आता पडका आहे, पण दाराला कडी अजून आहे म्हणे. मागे बसलेल्या एका आजोबांनी दंड कसा भरावा लागायचा आणि तोवर वैरण कोण घालायचं यावरून होणारी भांडणं सांगितली. आजोबा कुणाचे पालक, हे मी विचारलं नाही.

वैरण कोण घालतं, हा प्रश्न आता प्रत्येक सिनेमाला लागतोय. मुलं बघायला बसली की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच. घोड्याचा सिनेमा झाला तेव्हाही विचारलेला. रानातला आहे, चरतो, असं दुसऱ्यानंच परस्पर सांगितलं. सिनेमात जनावर दिसतं, त्याचं खाणं-पाणी क्वचित दिसतं. 'प्राणिप्रेम' शिकवायला आलेला मी इथे बराच फुकटचा पाहुणा ठरतोय.

११ जुलै, सांगली

एक प्रश्न मात्र अंगावर आलाय. 'क्रँ-ब्लाँ'मध्ये दोन घोडे लढतात, चावे घेतात, टाचा झाडतात. तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "ह्यांना खरंच लागलंय का?" मी तेव्हा पुढे गेलो. काल बेंदराचे फोटो पाठवताना बाईंनी लिहिलं की तिनं पुन्हा विचारलंय.

जनावर खरं हवं ही अट मीच घातलेली. खरं जनावर म्हणजे खरं दुखणं. तेव्हा उत्तर द्यायचं तर माहितीनिशी द्यायचं. हॉलिवूडमध्ये १९३९च्या 'जेसी जेम्स' सिनेमासाठी घोडा कड्यावरून पाण्यात पाडला आणि तो मेला. ओरड झाली, त्यानंतर १९४०पासून तिथली प्राणिरक्षण संस्था चित्रीकरणावर नजर ठेवू लागली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा, म्हणजे 'हीरा मोती' त्याच्या एक वर्ष आधीचा. आणि सिनेमात जनावर वापरायचं तर आधी नोंदणी करायची, हे नियम आले २००१मध्ये. आजचा दिग्दर्शक बैल संगणकावर काढतो. बैलाला त्रास नाही, हे उत्तमच. पण तसला बैल आमच्या पाचवीतल्या परीक्षकांसमोर उभा करायची माझी तरी तयारी नाही.

मुलीला हेच सांगायचं: घोडे खरंच लढले, लागलंही असेल, आणि म्हणून पुढे माणसांनी नियम केले.

१९ जुलै

जी. अरविंदन यांचा 'कुम्माट्टी' (१९७९). मल्याळम. जुनी प्रत फिकट झालेली. २०२१मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशन, अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीची संस्था आणि इटलीतल्या बोलोन्याची प्रयोगशाळा यांनी मिळून नव्यानं उजळवली, म्हणून आज तो असा हिरवागार दिसतो. माणदेशातल्या पोरांनी एवढं गवत पाहूनच 'आयला' केलं.

गावोगाव फिरणारा कुम्माट्टी नावाचा एक जादूगार बाबा खेळता खेळता पोरांना जनावरं करतो. कुणी हत्ती, कुणी मोर, आणि चिंदन नावाचा मुलगा कुत्रा. बाकीचे पुन्हा माणसं होतात, चिंदन तेवढा पळाल्यामुळे राहतो. शहरातल्या बंगल्यात सापडतो, गावठी म्हणून तिथून जातो, चालत चालत घरी येतो. घरचे ओळखतात. वर्षानं कुम्माट्टी परततो तोवर तो कुत्राच. माणूस झाल्यावर पहिलं काम करतो ते घरच्या पोपटाचा पिंजरा उघडण्याचं.

भाषेची अडचण शून्य. कुत्रा बंगल्यात असताना खोलीत शांतता होती आणि तो घराच्या वाटेला लागला तसं "वळखंल, आई वळखंल" सुरू झालं.

पोपटावर मात्र तंटा. एकाच्या मामाकडे पोपट आहे. मी सांगितलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपला साधा पोपटही पिंजऱ्यात ठेवता येत नाही. तो मुलगा लाल झाला. "सोडला तर कावळं मारत्याली. त्याला उडायचं म्हायतीच न्हाई." तो बरोबर बोलतोय. पिलू असताना धरलेला पोपट एकदम सोडला तर टिकत नाही. अरविंदनला ते एका शॉटमध्ये परवडतं, मामाला नाही. वनखात्याकडे द्यायचा, ते सोय करतात, एवढं सांगून मी गप्प बसलो. मुलगा सुटीनंतर खेळायला गेला नाही. बाई म्हणाल्या, राहू द्या, मी बघते.

२ ऑगस्ट

'द यर्लिंग' (१९४६), दोन शनिवार मिळून. सव्वादोन तासांच्या आसपास, रंगीत. फ्लोरिडाच्या रानातलं गरीब शेतकरी कुटुंब. जोडी हा एकुलता एक मुलगा, हरणाचं पाडस पाळतो. पाडस मोठं होतं आणि मका खातं. वर्षभराचा मका. बाप जायबंदी. पोरगा पुन्हा पेरतो, एकट्यानं कुंपण उंच करत नेतो, आणि हरीण ते सहज ओलांडतं. मग बंदूक.

बाईंच्या अटीत हा बसत नव्हता. मी हट्टानं लावला. शेवटाआधी काय होणार ते मुलांना सांगून टाकायचं या बोलीवर. सांगितलं. तरीही बघायचं, असं सगळ्यांनी ठरवलं.

या सिनेमात आईला कठोर म्हणायची रीत आहे. आमच्या खोलीत आई जिंकली. "आईचं बरोबर हाय. मका गेला तर खायाचं काय?" पलीकडून एक: "मग पाळू कशाला दिला?" बराच वेळ बापाच्या नावानं बोलणं झालं, आधी हो म्हणायचं आणि नंतर पोराच्या हातात बंदूक द्यायची, हे कुणाला आवडलं नाही. डाळिंबवाल्याचा मुलगा कुंपणाकडे वळला: लाकडाचं कुंपण हरणाला पुरत नाही, वर जाळी आणि तारेला पत्र्याचे डबे पाहिजेत. सागरेश्वरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना हरणांचा हा प्रश्न रोजचा आहे, हे मी सांगितलं तेव्हा कुणालाही नवल वाटलं नाही.

गोळीच्या वेळी मी पडद्याकडे बघत नव्हतो, पोरांकडे बघत होतो. दोघी-तिघी रडल्या. पोपटवाला मुलगा रडला नाही. हरणाला वनखात्यात का दिलं नाही, असं त्यानं विचारलं.

१० ऑगस्ट, सांगली

शेजारच्या केंद्रातल्या शाळेनं हाच संच मागितलाय. यादी तीच ठेवली, क्रम बदलला: 'कुम्माट्टी' दुसरा, 'यर्लिंग' शेवटी आणि फक्त चौथी-पाचवीला. केन लोचचा 'केस' (१९६९) शिक्षकांच्या बैठकीसाठी. खाणीच्या गावातल्या बिलीनं वाढवलेला शिकारी पक्षी आणि त्याला रोज छडी दाखवणारी शाळा, हे मुलांपेक्षा आपणच बघायला हवं.

'द ब्रेव्ह वन' (१९५६) वर मात्र एकमत होईना. मेक्सिकोतला लिओनार्दो, त्याचा बैल गितानो, बैल विकला जातो आणि झुंजीच्या रिंगणात उतरतो. पोरगा थेट राष्ट्राध्यक्षांकडून माफीचं पत्र आणतो आणि उशिरा पोचतो. शेवटी प्रेक्षकच बैलाला जीवदान मागतात. कथेचं ऑस्कर ज्या 'रॉबर्ट रिच'ला मिळालं तो म्हणजे डाल्टन ट्रम्बो, कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडनं काळ्या यादीत टाकलेला लेखक, टोपणनावानं लिहिणारा. ऑस्करची बाहुली त्याच्या हातात पडायला १९७५ उजाडलं. सिनेमा या गावासाठीच काढलाय असं वाटावं. पण झुंजीत बैलाला भाले लागतात. आणि इथे बैलगाडा शर्यतीवर २०१४ला बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये ती उठली, मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना मान्यता दिली. तरी विषय काढला की पारावर दोन तट पडतात. बाई म्हणतात, शर्यतीचा हंगाम संपल्यावर पालकांना आधी दाखवा, पोरांचं मग बघू. त्यांचं ऐकतोय. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडं घेऊन जाणारे दोन पालक बैठकीला येतो म्हणालेत. त्यांची अट एकच: पहिल्यांदा बैलाचे दात आणि पाय दाखवा, गोष्ट मग सांगा.